गुरगुरण्याचा अर्थ
जॅक लंडनच्या ‘व्हाइट फँग’ (१९०६) या कादंबरीतील झुंजींची वाखाणणी पुष्कळ झाली. मला मात्र तिचे मर्म वीडन स्कॉटच्या नुसत्या बसण्यात दिसते. मार खाऊन चवताळलेल्या त्या लांडग्याच्या रक्ताच्या कुत्र्यापासून तो काही फूट दूर, निःशस्त्र बसतो, हळुवार बोलतो, मांस आधी पुढ्यात टाकतो, मग हातून देतो, स्पर्श सर्वांत शेवटी. गुरगुरण्यामागे दुष्टावा नसून भय आहे, हे त्याने ओळखले आहे. अखेरीस कुत्रा मारेकऱ्याला ठार करून उपकार फेडतो, ते मला खटकते. दयेला मोबदला कशाला हवा? फटाक्यांनी भेदरून खाटेखाली दडलेल्या तुमच्या मोत्याला ओढून काढण्यापूर्वी, वाचकहो, एवढे प्रकरण अवश्य वाचा.