खोकल्याची बाटली आणि क्षयाचा पाठ

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, म्हणून मार्चमध्ये शाळाशाळांतून क्षयरोगाची भित्तिपत्रके लागतात. तालुक्याच्या गावी भरलेल्या अशाच एका प्रदर्शनाचे परीक्षण माझ्याकडे आले होते. चित्रे चांगली होती. मजकूर मात्र जवळजवळ सगळीकडे एकच : दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या, कोठेही थुंकू नका, सकस आहार घ्या, औषध अर्धवट सोडू नका. आणि रोग पसरतो कशामुळे? अज्ञानामुळे.

यातली एकही सूचना चूक नाही. माझी तक्रार क्रियापदांबद्दल आहे. सगळी आज्ञार्थी, आणि सगळी रोग्याला उद्देशून. दवाखान्याने काय करायचे याबद्दल अवाक्षर नाही. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपण वर्गात जे सांगतो तेच त्यांनी रंगवले होते.

या ‘अज्ञाना’ची तपासणी मागेच होऊन गेली आहे. बंगळूरची राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ साली सुरू झाली. तेथील देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत, पाहणीत क्षय आढळलेल्या लोकांच्या घरी जाऊन विचारपूस करविली. १९६३ साली ती प्रसिद्ध झाली. आपल्याला काहीतरी होते आहे हे जवळजवळ सगळ्यांना जाणवत होते, बहुतेकांना त्याची काळजी होती आणि निम्म्याहून अधिक जण दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली. लोक खेड्यात राहणारे, बरेचसे निरक्षर; पण नेमकी बेडका तपासायची पायरी चुकली ती दवाखान्याकडून. क्षयाचे निदान आणि उपचार वेगळ्या इस्पितळांत न ठेवता जवळच्या आरोग्य केंद्रातच व्हावेत, या राष्ट्रीय कार्यक्रमातील विचाराला अशा अभ्यासांचाच आधार होता.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तर लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कोठेच गेले नव्हते, आणि बहुतेकांनी ‘दुर्लक्ष केले’ असे कारण दिले. आकडा खरा आहे. पण तो लक्षणे असणाऱ्या सगळ्यांचा आहे, क्षय ठरलेल्यांचा नव्हे. त्यात साधा खोकलाही आला. शिवाय ‘दुर्लक्ष’ म्हणजे काय, हे रोजंदारीवर जाणाऱ्याला विचारून पाहावे. एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते, आणि दवाखान्याची खेप सहसा एकीवर भागत नाही.

त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा भित्तिपत्रकांवर कधी दिसत नाही. सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के लोक छातीचे क्ष-किरण चित्र काढले नसते तर सुटून गेले असते. म्हणजे खोकल्याची वाट पाहत बसलेल्या केंद्राला हे रुग्ण दिसणारच नाहीत. सूक्ष्मदर्शकालाही मर्यादा आहे : एक मिलिलिटर बेडक्यात साधारण १०,००० जंतू असावे लागतात, तेव्हा कोठे ते काचपट्टीवर दिसतात. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचण्या याहून कमी जंतूही पकडतात आणि रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही तेही सांगतात. त्यांपैकी ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे. पण बेडका यंत्रापर्यंत पोचला पाहिजे, आणि तो पोचवणे हे रोग्याचे काम नव्हे.

‘सकस आहार घ्या’ या वाक्यावर मी सर्वांत जास्त अडखळलो. कशातून घ्यायचा? झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात रुग्णांच्या घरातल्या माणसांना शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. तेथे क्रियापद ‘द्या’ होते. सरकारही रुग्णाला २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देते आहे. एकाही चित्रात याचा उल्लेख नव्हता. ज्या घराला हे पैसे मिळायला हवेत, त्या घरातले मूल आपल्याच वर्गात बसलेले असू शकते.

तसे एक होतेही. सातवीतल्या एका मुलीने ‘अज्ञान’ हा शब्द लाल रंगात मोठा काढला होता. तिच्या वडिलांनाच क्षय झाला होता, आता ते बरे आहेत, असे बाईंनी सांगितले. मी तिला विचारले, कळले कसे? ती म्हणाली, “तीन वेळा गेले होते. तिन्ही वेळा खोकल्याचं औषध दिलं. मग आशाताईंनी डबी आणून दिली बेडक्यासाठी.” हे चित्रात का नाही काढलेस, असे विचारल्यावर ती गप्प राहिली. बाई म्हणाल्या, विषय ‘क्षयरोग : कारणे व उपाय’ असा दिला होता.

पुढच्या वर्षी विषय बदलून पाहावा. मुलांनी जवळच्या आरोग्य केंद्रात जावे आणि एवढेच विचारून यावे : डबी कोण देते, बेडका कोणत्या वारी घेतात, तो कोठे जातो, आणि उत्तर किती दिवसांनी येते.