गोठा आणि रेंज

यशोगाथा नावाचा जो साहित्यप्रकार आहे, त्याचा मी जुना वाचक. पूर्वी त्या दिवाळी अंकातून वर्षाकाठी एकदा येत. आता मोबाईलवर रोज सकाळी दूधवाल्याच्या आधी येतात. नायक गरीब असतो, शेवटी दाराशी मोटार उभी असते, आणि मधल्या पंधरा वर्षांत काय झालं ते लेखक एका शब्दात उरकतो. तो शब्द म्हणजे ‘जिद्द’.

परवा आमच्या दाजींनी दादासाहेब भगत यांची गोष्ट पाठवली. आष्टी तालुक्यातलं सांगवी पाटण हे त्यांचं गाव. दहावी, मग आयटीआय, मग पुण्यात इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसवर महिना नऊ हजारांची ऑफिसबॉयची नोकरी. दिवसा चहापाणी आणि साफसफाई, रात्री ग्राफिक डिझाइनचा अभ्यास. पुढे स्वतःची कंपनी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गडी गावी परतला आणि डोंगरावरच्या गोठ्यात गावच्या पोरांना घेऊन कामाला बसला. २०२४ साली ‘शार्क टँक इंडिया’च्या तिसऱ्या पर्वात अमन गुप्तांनी त्यांच्या डूग्राफिक्समध्ये दहा टक्क्यांसाठी एक कोटी गुंतवले.

नायकाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती कथाकारांबद्दल. सगळे गोठ्यापाशी येऊन गहिवरतात. शेण, गाय, लॅपटॉप! पण गोठा डोंगरावरचाच का, हे विचारायला कुणी थांबत नाही. अहो, तिथे फोर-जीची रेंज चांगली मिळत होती! कथेची कळ तिथे आहे, आणि ती एखाद्या ओळीत दडपली जाते. दुसरी कळ अशी, की चहा देता देता त्यांनी तिथल्या मंडळींना विचारलं, ‘हे काम मला करायचं तर काय शिकावं लागेल?’ डिग्रीवाचून दार उघडणारी विद्या म्हणून डिझाइनचा रस्ता दिसला तो तिथे. चित्र चांगलं की वाईट हे डोळ्यांना कळतं, त्याला सर्टिफिकेट लागत नाही. नाहीतर बिनडिग्रीच्या पोराला ऑफिसात कोण विचारतो? आणि संगणकापुढे बसणाऱ्याला गावात कोण कामकरी म्हणतो?

आता नुसत्या जिद्दीचं म्हणाल, तर जिद्दीनं ऊसही तोडता येतो. दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. जिद्दीनं दिवस पालटत असते, तर एव्हाना अख्खा जिल्हा बंगल्यात राहायला गेला असता! कमी होती ती रेंजची, शिकवणाऱ्याची आणि हत्याराची. आष्टीला रेल्वे आली २०२२ साली, बीडला २०२५ साली. सांगवीच्या डोंगरावर फोर-जी त्याआधीच पोचलं होतं. म्हणजे गाव सोडायला गाडी येण्याआधी, गाव न सोडण्याची सोय झाली! एवढी मोठी गोष्ट, पण यशोगाथेत तिला जागा नाही, कारण मोबाईलच्या टॉवरकडे बघून कुणाचा कंठ दाटून येत नाही.

दाजींनी ती गोष्ट पाठवली ती अर्थात माझ्यासाठी नव्हतीच. मी त्यांच्याकडे धारूर तालुक्यात गेलो, तेव्हा त्यांनी ती माझ्यादेखत पोराला वाचून दाखवली. भाचा बारावी होऊन घरी बसलेला; दिवसभर मोबाईलवर चित्रं जुळवतो.

‘‘बघ, गोठ्यात बसून कंपनी काढली त्यानं. अन् तुला पंख्याखाली बसून जमंना!’’

पोरगं शांतपणे म्हणालं, ‘‘गोठा आपलाबी हाय की, आबा. रेंज न्हाई.’’

आबा गप्प झाले. मी तर त्याआधीच गप्प होतो, कारण वर्षभरात मीही त्याला अशा दहा-बारा गोष्टी पाठवल्या होत्या. त्या पाठवायला काही खर्च येत नाही.

निघताना भाचा एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला. म्हणाला, ‘‘मामा, तुमचा तो जुना लॅपटॉप काय करायलाव?’’

खरं उत्तर असं होतं, की मी त्याच्यावर पत्ते खेळायलो होतो.

गेल्या आठवड्यात तो एसटीच्या पार्सलनं पाठवून दिला, रेंजसाठी महिन्याचे पैसेही कबूल केले. सोबत यशोगाथा मात्र पाठवली नाही.