नव्या चर्चची भाषा कोणती?

शहरात नवे चर्च स्थापन करावयाचे ठरले की आपल्याकडे आधी जमीन, मग देणग्या आणि मग वास्तूचा आराखडा यांचा विचार होतो. तेथे जमणारे भाविक कोणत्या भाषेत प्रार्थना करतील, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो, आणि तोही मिस्साच्या वेळापत्रकापुरताच. आम्हांला हा क्रम उलटा वाटतो.

१९७७ साली निर्माण झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या कक्षेत आजचे नांदेड व लातूर हे जिल्हे येतात. नांदेडची हद्द तेलंगणाला भिडलेली. माहूर-किनवटकडे मराठीबरोबर गोंडी, गोरमाटी, तेलुगूही कानी पडते. शहरात नोकरीनिमित्त आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची त्यात भर पडते. अशा ठिकाणी सर्वांच्या सोयीची म्हणून इंग्रजी पुढे केली जाते. सोय कोणाची, हे मात्र कोणी विचारीत नाही. खेड्यातून मजुरीसाठी आलेले मराठी कुटुंब मागच्या बाकावर बसते आणि काही रविवारांनी तेथूनही दिसेनासे होते. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, ती याच कुटुंबासाठी नव्हती काय?

माहूरचे नाव आम्ही सहज घेतले नाही. दत्तात्रेयप्रभूंमुळे ते महानुभावांना पवित्र. आणि याच पंथाचे आचार्य नागदेव यांनी केशवराजसूरींना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण त्यामुळे साधी माणसे वंचित झाली असती.

आपल्या परंपरेतही असा ग्रंथ आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही साष्टीतील नव्या मंडळीसाठी. ग्रंथारंभी एक श्रोताच पाद्रींकडे मराठीतील पुराण मागतो. मागणी लोकांची आणि लेखणी धर्मगुरूची, ही योजना आम्हांला ग्रंथातील अलंकारांहूनही मोलाची वाटते. (टीकाकार अलंकारांवरच थांबतात, हे आपले दुर्दैव.) शुद्ध मराठी सर्वांना कळणार नाही, म्हणून फादरांनी तीत तेथील बोलीचे शब्द जाणूनबुजून मिसळले. धर्मशिक्षणाचे पुस्तक तर त्यांनी कोंकणीतच लिहिले. म्हणजे एका मंडळीसाठी दोन भाषा वापरणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

तथापि ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. श्रोता विचारतो, पाद्री उत्तर देतात, आणि श्रोता समाधान पावतो. त्याची शंका उत्तरानंतरही उरली, असे क्वचितच घडते. शहरातील नव्या मंडळीत ती उरणारच; तिला बोलायला जागा हवी. आराखडा मंजूर करण्याच्या बैठकीला मागच्या बाकावरील त्या कुटुंबालाही बोलवावे, आणि ती बैठक त्याला कळेल अशा मराठीत चालवावी.