पारवा, पाखरे आणि प्रयोजन

निवृत्तीनंतर मी चिखली तालुक्यातल्या उंद्री या माझ्या गावी परतलो, त्याला आता चार वर्षे झाली. तेव्हापासून दरवर्षी एक अनुभव ठरल्यासारखा येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात येते, मग तूर, मग हरभरा. तोवर दिवस कामाने बांधलेले असतात. फाल्गुनात कडुनिंबाची पाने गळू लागतात, रान उघडे पडते आणि मृगापर्यंतचे रिकामे महिने समोर पसरतात. काही वाईट घडलेले नसतानाही मन खाली जाते. ‘आता आपण कशासाठी?’ हा प्रश्न माझ्या आधी जागा होतो. या प्रश्नाच्या सोबतीने मी दोन कविता पुन्हा वाचल्या : बालकवींची ‘पारवा’ आणि मर्ढेकरांच्या ‘शिशिरागम’ (१९३९) या संग्रहातली पानगळीची कविता. त्या वाचनातून हाती आले ते येथे मांडतो.

ऋतूबरोबर येणाऱ्या खिन्नतेला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८४ साली. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे वर्णन केले, हिवाळ्यातल्या अपुऱ्या प्रकाशाशी तिचा संबंध जोडला आणि प्रखर दिव्यासमोर बसण्याचा उपचार पुढे आणला. उत्तरेकडच्या देशांत हे पटण्यासारखे आहे. नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहरात तर हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. पण बुलढाणा जिल्ह्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ ११ तासांचा असतो. आमच्याकडे प्रकाशाचा दुष्काळ कधीच नसतो. मग ही खिन्नता कुठली?

पुढे जाण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करायला हवा. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. कर्ज, नापिकी आणि पडलेले भाव यांतून येणाऱ्या निराशेला कारणे असतात आणि ती दूर करावी लागतात. तिथे कविता पुढे करणे क्रूरपणाचे होईल. जी खिन्नता माणसाला अंथरुणातून उठूच देत नाही, तिला डॉक्टरच हवा. मी बोलतो आहे ते कारण सापडत नाही अशा, ऋतूबरोबर येऊन ऋतूबरोबर ओसरणाऱ्या उदासीबद्दल.

बालकवी (१८९०–१९१८) म्हटले की शाळेत पाठ केलेला श्रावण आठवतो. त्यामुळे त्यांच्या उदास कवितांकडे आपली समीक्षा पुष्कळदा चरित्राच्या वाटेने जाते : त्यांची अस्थिरता, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली झालेला मृत्यू. या वाटेने गेल्यावर कवितेतला ऋतू मात्र नजरेआड होतो. ‘पारवा’ अंधारात घडत नाही. सूर्य माथ्यावर आहे, घार घिरट्या घालते आहे, बाहेर झळा आहेत. इतर पक्षी पानांच्या सावलीत सुखाने डुलत आहेत. पारवा एकटाच पडक्या धर्मशाळेच्या कौलांत घुमतो आहे. धरणगावात जन्मलेल्या या कवीने खानदेशी उन्हाळ्याची भर दुपार उदासीनतेची वेळ म्हणून निवडली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आमच्या भागात मन झाकोळायला ढग लागत नाहीत. सगळे लख्ख दिसते आणि करण्यासारखे काही उरलेले नसते, तेवढे पुरते.

आणि पडझड झालेली वास्तू कोणती? देऊळ नाही, वाडा नाही, धर्मशाळा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आसरा देणे एवढ्यासाठीच जी बांधली, ती. वाटसरू थांबेनासे झाले की तिच्या भिंतींबरोबर तिचे प्रयोजनही ढासळते. चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गासमोर आयुष्य घालवून गावी परतलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

मर्ढेकरांच्या कवितेतही आसराच हरवतो. पाने गळू लागली की उगाच रडू का येते ते कळत नाही, अशी तिची सुरुवात आहे. अर्वाचीन मराठी कवितेतली कारण नसलेली ही खिन्नता ऋतूच्या नावानिशी येते. पण पुढे काय होते ते पाहावे. ‘मला का रडू येते?’ या प्रश्नाचे उत्तर कविता देत नाही. ती प्रश्नच बदलते. या पानांत निजणारी चिमुकली पाखरे आता कुठे जातील? मग आठवण येते ती दूरच्या प्रिय व्यक्तीच्या फुललेल्या बागेची, तिथल्या उबेची. पाखरे तिकडे जातील, असे कवी मनाशी म्हणतो आणि डोळे पुसतो. पानगळ थांबलेली नाही. बदलले आहे ते एवढेच, की स्वतःकडे लागलेली नजर पाखरांकडे गेली आहे.

हे वाचल्यावर मी ‘पारवा’कडे परत गेलो, तेव्हा इतकी वर्षे निसटलेली एक गोष्ट दिसली. धर्मशाळा ओस नाही. तिच्यात एक मुक्कामी आहे. कवी त्या पक्ष्याच्या दुःखनिद्रेला बुद्धाच्या समाधीपर्यंत नेतो आणि स्वतः बाहेर उष्ण वाऱ्यात उभा राहतो. पण ज्या मोडक्या कौलांवर ही निद्रा लागली, ती कौले अजून आपले काम करीत आहेत, हे तो बोलून दाखवीत नाही. वाटसरूंच्या जागी पारवा आला. प्रयोजन संपले नाही, लहान झाले.

यावर आक्षेप येईल की मी कवितेत उपयुक्तता घुसडतो आहे. पारवा कुणासाठी गात नाही, त्याला जगात मानही नको आहे, आणि त्यातच त्याचे मोठेपण आहे. आक्षेप खरा आहे. कवितेचा रोख पारव्यावर आहे, कौलांवर नाही. पण सगळ्याच वाचकांना पारवा होता येत नाही. माझ्यासारख्याला समाधी साधत नाही. कौल होणे कदाचित जमेल. आणि कवितेने बोलून न दाखवलेले, पण चित्रात ठेवलेले वाचणे हे समीक्षेचे काम आहे, असे मी मानतो.

गेल्या वैशाखात शेजारचा एक मुलगा दुपारी ओसरीवर येऊन बसू लागला. दहावीला मराठीत नापास झालेला. घरी पत्रे तापतात म्हणून आला होता, अभ्यासासाठी नव्हे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने पुस्तक आणले. उदासी त्या महिन्यातही होती, पण दुपारी दोनला त्याची वाट पाहावी लागे. पुरवणी परीक्षेत तो पास झाला आणि यायचा थांबला.

यंदाचे सोयाबीन निघाले आहे. दारातला निंब हिरवागार आहे. त्याची पाने गळायला अजून चार महिने आहेत. ओसरीची चार कौले फुटली आहेत, ती त्याआधी बदलून घ्यायची आहेत.