बुल्गाकोव्हच्या वैद्यककथा आणि सक्तीची ग्रामसेवा

मिखाईल बुल्गाकोव्ह १९१६ साली कीव्ह विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडला. अनुभवी डॉक्टर महायुद्धाच्या आघाडीवर गुंतले असल्यामुळे स्मोलेन्स्क प्रांतातील निकोल्स्कोये येथील ग्रामीण रुग्णालयावर त्याची नेमणूक झाली. तेथील अनुभवांवर आधारलेल्या त्याच्या बहुतेक कथा १९२५-२६ मध्ये वैद्यकीय व्यवसायातील लोकांसाठी निघणाऱ्या एका रशियन नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. सक्तीच्या सेवेने तरुण डॉक्टर घडतो, या मताला आधार म्हणून या कथांकडे बोट दाखविणे सोपे आहे. राज्य सरकारांच्या सेवाबंधपत्रांना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली वैध ठरविल्यानंतर तर हा मोह अधिकच बलवत्तर होतो. तथापि कथा लक्षपूर्वक वाचल्यास त्या या मताला इतक्या सहजासहजी साक्ष देत नाहीत.

कथानायक चोवीस वर्षांचा आहे. उत्तम गुणांचे प्रमाणपत्र त्याच्या पदरी आहे. पण आडव्या आलेल्या गर्भाची प्रसूती करण्याची वेळ येते, तेव्हा तो सिगारेट आणण्याचे निमित्त करून खोलीवर धावतो आणि ग्रंथ चाळू लागतो. ग्रंथाने त्याचा गोंधळ वाढतोच. त्याला तारते ती सुईण आन्ना निकोलायेव्हना. पूर्वीचा डॉक्टर हे काम कसे करीत असे, ते ती हात धुता धुता सांगते. प्रसूती सुखरूप पार पडल्यावर रात्री तोच ग्रंथ उघडला असता त्यातील दुर्बोध स्थळे आपोआप उलगडतात. हा प्रसंग या कथांचा गाभा होय. येथे गुरुस्थानी आहे ती सक्ती नव्हे, तर मुरलेला सेवकवर्ग. पूर्वसूरी लेओपोल्ड लेओपोल्डोविच याने मागे ठेवलेली चकचकीत हत्यारे, भरलेले औषधालय आणि शस्त्रक्रियेवरील ग्रंथांची कपाटे यांचाही वाटा लहान नाही. १८६४ साली स्थापन झालेल्या झेम्स्त्वो या स्थानिक स्वराज्यसंस्थांनी खेडोपाडी उभारलेल्या वैद्यकव्यवस्थेचा हा वारसा होता. रिकाम्या दवाखान्यात हाच तरुण काय करू शकला असता, हा प्रश्न वाचकाने विचारावयास हवा.

शिकाऊपणाची किंमत कोण देतो, याविषयी लेखक प्रामाणिक आहे. वर्षअखेर नायक हिशेब मांडतो: १५,६१३ बाह्यरुग्ण, २०० आंतररुग्ण, सहा मृत्यू. या आकड्यांचा त्याला अभिमान वाटतो न वाटतो तोच, ज्या बालकाच्या डोळ्यावरील गाठ कापावयास तो सिद्ध झाला होता, ते बालक बरे होऊन परत येते. ती गाठ म्हणजे साधे गळू होते, आणि ते आपण होऊनच फुटले होते. बालक वाचले ते केवळ आईने शस्त्रक्रियेस नकार दिल्यामुळे!

ग्रामस्थांच्या चित्रणात मात्र लेखक तोकडा पडतो. क्विनाइनच्या साऱ्या पुड्या एकदम गिळणारा गिरणीवाला, किंवा मुलीच्या गळ्यात पोलादी घसा बसविला अशी आवई उठवणारे लोक, हे हास्यविषय होऊन राहतात. उपदंशावरील कथेतील ती स्त्री हा याला सन्माननीय अपवाद होय. नवऱ्याकडून रोग लागला असेल या भयाने ती महिनोन्‌महिने तपासणीस येत राहते. तिची भीती आतून जाणलेली आहे. जुन्या नोंदवह्या उलटून रोगाचा खेडोपाडीचा प्रसार ताडणारा डॉक्टरही याच कथेत भेटतो. केवळ रोगी तपासणारा तरुण येथे प्रथमच सार्वजनिक आरोग्याचा विचार करू लागतो.

१९२७ सालच्या ‘मॉर्फिन’ या कथेचे स्थान वेगळे आहे. नायक बोमगार्ड तालुक्याच्या गावी बदलून जातो आणि जबाबदारी वाटून घेणारे सहकारी लाभल्याने सुटकेचा निःश्वास टाकतो. त्याच्या जुन्या जागी आलेला पोल्याकोव्ह व्यसनात बुडतो. त्याचे दुःख प्रेमभंगाचेही आहे. म्हणून सारा दोष एकांतवासाच्या माथी मारता येणार नाही. पण औषधालय त्याच्याच अधिकाराखाली होते आणि त्याच्या वर पाहणारा दुसरा डॉक्टर तेथे नव्हता. मदतीची याचना करणारे त्याचे पत्र बोमगार्डला पोचते. तो निघण्यापूर्वीच पोल्याकोव्हने स्वतःवर गोळी झाडलेली असते.