एकक न लिहिलेली आज्ञा

भौतिकशास्त्राच्या पेपरात उत्तर बरोबर असले, तरी एकक नसेल तर आपण गुण कापतो. लिनक्सवर आभासी यंत्र उभारण्याच्या साधनांना हाच नियम लावून पाहू.

आभासी यंत्र म्हणजे एका संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. त्याची डिस्क ही प्रत्यक्षात यजमान संगणकावरील एक फाइल असते. 2007 साली केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आले. प्रोसेसरमध्येच तशी सोय असल्याने पाहुण्या यंत्राच्या बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवर चालतात. या साऱ्या खटाटोपातून आपल्या हाती येतात त्या मुख्यतः दोन आज्ञा : ‘व्हर्ट-इन्स्टॉल’ आणि ‘व्हर्श’.

पहिलीचा गुण मोठा आहे. नाव, मेमरी, प्रोसेसर, डिस्क असे सारे यंत्र एका ओळीत मावते. माउसने केलेल्या टिचक्यांची नोंद मागे राहत नाही; ही ओळ मात्र प्रयोगवहीत उतरवता येते, दुसऱ्या शाळेत जशीच्या तशी चालवून पाहता येते.

दोष आहे तो आकड्यांत. या आज्ञेत मेमरी 2048 आणि डिस्क 20 असे शेजारी लिहितात. पहिला आकडा मेबिबाइटचा, दुसरा गिबिबाइटचा. पण ओळीत तसे कुठेच दिसत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने डिस्कच्या चालीवर मेमरी 2 लिहिली आणि यंत्र का उठत नाही म्हणून तो दुपारभर डोके खाजवत बसला. पुढे मेमरी बदलायला व्हर्शची ‘सेटमेम’ आज्ञा वापरा, तर तिथे नुसता आकडा किबिबाइटचा धरला जातो. म्हणजे तोच 2048 एकीकडे 2 गिबिबाइट, तर दुसरीकडे 2 मेबिबाइट!

नावांचेही तेच. ‘डिस्ट्रॉय’ म्हटले की यंत्र नष्ट होईल असे कोणालाही वाटेल. ती आज्ञा फक्त विजेची तार उपटावी तसे यंत्र बंद करते. यंत्राची नोंद पुसते ती ‘अनडिफाइन’. आणि नुसते ‘लिस्ट’ म्हटले तर बंद यंत्रे यादीत येतच नाहीत. नवशिक्याला वाटते, यंत्र हरवले.

म्हणून ही साधने टाकून द्यावीत का? मुळीच नाही. पण तयार ओळ फळ्यावर लिहून ती उतरवून घ्यायला लावणे म्हणजे सूत्र पाठ करून घेणेच. प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहायला लावा. ‘सेटमेम’ला आकड्याला जोडून एकक देता येते, तिथे ते द्यायलाच लावा. ‘डिस्ट्रॉय’ने काय होईल याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या, मग ती चालवा. खरा संगणक बिघडला तर शाळेला परवडत नाही. इथे बिघडते ती एक फाइल, आणि तिची प्रत आधीच काढून ठेवता येते.