डब्यावरचा आकडा आणि तळाचा गाळ

समजा, सिल्लोडच्या एखाद्या दुकानात म्हशीच्या दुधापासून केलेल्या भुकटीचा डबा आहे व त्यावर ‘प्रथिने ८० टक्के’ असे ठळक छापले आहे. आकडा मोठा, म्हणून भुकटी उत्तम, असे पालक मानतात. आपणही वर्गात तसेच सांगतो. हे मूल्यमापन आम्हाला अपुरे वाटते.

म्हशीच्या दुधाची भुकटी होणारच नाही, असे परदेशी तज्ज्ञ एके काळी म्हणत. आणंदला एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली तेथे कारखाना सुरू झाला. आता प्रश्न आहे तो भुकटी पाण्यात नीट मिसळण्याचा.

साय काढलेले दूध अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळले, की पाणी, दुग्धशर्करा व विरघळलेले क्षार निघून जातात आणि प्रथिने मागे राहतात. यांतील सुमारे चार पंचमांश केसीन असते. केसीनचे कण कॅल्शियम फॉस्फेटने बांधलेले असल्याने ते कॅल्शियमही मागेच राहते. १०० ग्रॅम गाईच्या दुधात कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम, तर म्हशीच्या दुधात सुमारे १८० मिलिग्रॅम असते. म्हशीचे केसीनही अधिक. पनीर घट्ट होते ते यामुळेच. भुकटीत मात्र हेच कण दाण्याच्या पृष्ठभागावर एकमेकांना चिकटतात आणि पाणी आत शिरत नाही. साठवणुकीतील उष्णतेने हा दोष वाढतो. सिल्लोडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या गोदामात काय होत असेल, याची कल्पना करावी.

डब्यावरचा आकडा यातले काहीच सांगत नाही. नायट्रोजन मोजून त्याला ६.३८ ने गुणले, की तो मिळतो. तो नायट्रोजन कोठून आला, हेही त्यातून कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून याचाच गैरफायदा घेतला गेला.

न विरघळलेले प्रथिन पोटात गेले तर पचते, हे खरे. पण मूल तळाचा गाळ ओतून देते आणि पालकांचे पैसे मोरीत जातात. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत वाळवण्यापूर्वी फॉस्फेटसारखे क्षार वापरून भुकटीची विद्राव्यता सुधारण्याचे प्रयोग झाले आहेत. म्हणजे दोष आटोक्यात आणता येतो. मग विद्राव्यतेचा आकडाही डब्यावर छापावा, अशी आमची मागणी आहे.

तोपर्यंत वर्गात एवढे करता येईल: एकाच भुकटीचे दोन सारखे भाग थंड व कोमट पाण्यात ढवळा, फडक्यातून गाळा, गाळ वाळवून तोला. फरक विद्यार्थ्यांनाच मांडू द्या.